आजच्या कॉम्प्युटरचा आराखडा ज्याने मांडला, त्यानेच व्हायरसचं गणितही सोडवून ठेवलं होतं

मागच्या लग्नसराईतली गोष्ट. आमच्या पुसेगावच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर लग्नाची पत्रिका आली. पुसेगाव म्हणजे हिंगोली जिल्ह्यातलं, सेनगाव तालुक्यातलं. लग्नाचं आवतन मोबाईलवर येणं आता गावातही नवीन राहिलेलं नाही. फक्त ही पत्रिका फोटो नव्हती, पीडीएफही नव्हती. ती होती एपीके फाईल, म्हणजे ॲप.

आमच्या काकांनी ती उघडली. फोनने एकदा विचारलं, दोनदा विचारलं, धोका असू शकतो असंही सांगितलं. पण पत्रिका आली होती ओळखीच्या माणसाच्या नंबरवरून. आता लग्नाच्या आवतनाला कोण नाही म्हणणार? काका परवानग्या देत गेले. थोड्या वेळाने तीच पत्रिका काकांच्या फोनवरून त्यांच्या सगळ्या पाहुण्यारावळ्यांना गेली, आणि संध्याकाळपर्यंत हळदीच्या पट्टीचे खात्यात जमा झालेले पैसे गायब झाले.

मग पारावर चर्चा बसली. अर्ध्या लोकांचं म्हणणं, चूक काकांची, कशाला उघडायची फाईल? उरलेल्या अर्ध्यांचं म्हणणं, एवढे हजारो रुपये घेऊन फोन विकता, मग असल्या फाईलला आत येऊच का देता? बंदोबस्त फोनमध्येच का नाही?

पारावरचा हा प्रश्न जगभरातले कॉम्प्युटरवाले गेली चाळीस वर्षं सोडवतायत. फोन किंवा कॉम्प्युटर चालवणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिममध्येच व्हायरसपासून संरक्षण असावं, की ते ज्याने त्याने वेगळं विकत घ्यावं?

उत्तर शोधायला गेलं की सगळ्यात मागे एक माणूस उभा दिसतो. त्याचं नाव जॉन व्हॉन न्यूमन. आज तुमच्या हातातला फोन ज्या पद्धतीने चालतो, ती पद्धत कागदावर मांडणारा माणूस. आणि स्वतःच्या प्रती काढणारं यंत्र गणिताने शक्य आहे, हे दाखवून देणाराही तोच.

बुडापेस्टचा पोरगा

२८ डिसेंबर १९०३. हंगेरीची राजधानी बुडापेस्ट. एका सधन ज्यू बँकरच्या घरात पहिला मुलगा झाला. नाव ठेवलं यानोश. तीन भावांमध्ये हा थोरला.

वडिलांना १९१३ मध्ये सम्राटाकडून सरदारकीचा किताब मिळाला. पुढे जर्मनीत गेल्यावर त्याच किताबाचा जर्मन अवतार म्हणून नावात व्हॉन आलं, आणि अमेरिकेत यानोशचा जॉन झाला. मित्र मात्र त्याला आयुष्यभर जॉनी म्हणत राहिले.

पोराचं डोकं लहानपणापासूनच वेगळं. आठ आकडी संख्यांचे भागाकार तो तोंडी करायचा, असं सांगतात. घरी पाहुणे आले की टेलिफोन डिरेक्टरीचं एक पान वाचून नावं, पत्ते, नंबर पाठ म्हणून दाखवायचा. आपल्याकडे पाहुण्यांसमोर पोराला कविता म्हणायला लावतात, तसलाच हा प्रकार.

बुडापेस्टच्या ज्या शाळेत तो शिकला, तिथेच त्याच्या एक वर्ष पुढे युजीन विग्नर होता. विग्नरला पुढे भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. एवढ्या हुशार पोरांच्या शाळेतही जॉनी उठून दिसायचा.

पण काळ बरा नव्हता. पहिलं महायुद्ध हरलेल्या हंगेरीत १९१९ मध्ये आधी कम्युनिस्टांची सत्ता आली आणि मग तिच्याविरुद्धची लाट आली. त्या लाटेत ज्यू लोक भरडले गेले. १९२० मध्ये विद्यापीठांत ज्यूंच्या प्रवेशावर कायद्याने मर्यादा आली.

पोराला गणित करायचं होतं. बापाचं म्हणणं, गणितात पैसा नाही, पोटापाण्याचं काहीतरी शीक. इंजिनिअरिंग की आवडीचा विषय, हे भांडण आपल्या घरोघरी चालतं, तसंच तिथंही चाललं. जॉनीने त्यावर तोड काढली. दोन्ही करायचं. झुरिचमधून केमिकल इंजिनिअरिंगची पदवी घेतली आणि त्याच सुमारास, १९२६ मध्ये, बुडापेस्ट विद्यापीठातून गणितात डॉक्टरेट. वय फक्त बावीस.

पुढे गटिंगेनला डेव्हिड हिल्बर्टकडे, मग बर्लिनला. क्वांटम भौतिकशास्त्राला गणिताचा पाया घालून देणारं त्याचं पुस्तक १९३२ मध्ये आलं. तोवर तो अमेरिकेत प्रिन्स्टनला पोचला होता. १९३३ मध्ये तिथल्या इन्स्टिट्यूट फॉर ॲडव्हान्स्ड स्टडीमध्ये प्राध्यापक झाला. त्याच संस्थेत त्याच वर्षी आलेल्या दुसऱ्या एका प्राध्यापकाचं नाव होतं अल्बर्ट आईनस्टाईन.

गणिती म्हटल्यावर चुरगळलेला सदरा आणि विस्कटलेले केस डोळ्यासमोर येतात. हा गडी उलटा होता. कायम कडक सूटमध्ये. घरी जंगी पार्ट्या. ऑफिसात ग्रामोफोनवर जर्मन मार्चिंगची गाणी इतक्या मोठ्याने लावायचा, की शेजारचे प्राध्यापक वैतागायचे, आणि त्यात आईनस्टाईनही होता. गाडी चालवण्याची हौस दांडगी, पण हात कच्चा. किती गाड्या ठोकल्या त्याला गणती नाही.

बॉम्ब आणि रेल्वे स्टेशन

१९३७ मध्ये तो अमेरिकेचा नागरिक झाला. दुसरं महायुद्ध पेटलं आणि १९४३ पासून तो अणुबॉम्बच्या प्रकल्पावर सल्लागार म्हणून लॉस अलामॉसला जाऊ लागला. प्लुटोनियमचा गोळा चहूबाजूंनी एकाच क्षणी कसा दाबायचा, याचं गणित करणाऱ्यांत तो होता. याच पद्धतीचा बॉम्ब ९ ऑगस्ट १९४५ ला नागासाकीवर पडला. बॉम्ब कुठे टाकायचा हे ठरवणाऱ्या समितीतही तो बसला होता. युद्धानंतरही तो सोव्हिएत रशियाविरुद्ध कठोर धोरणाच्या बाजूने राहिला. ही बाजू लपवून त्याचं चरित्र सांगता येत नाही.

तर या बॉम्बच्या गणितांना माणसं पुरेनात. एकेका हिशोबाला आठवडे लागायचे. न्यूमनला हवं होतं वेगवान यंत्र.

१९४४ च्या उन्हाळ्यात मेरीलँडमधल्या ॲबरडीनच्या रेल्वे स्टेशनवर तो गाडीची वाट बघत उभा होता. तिथे हर्मन गोल्डस्टाईन नावाचा तरुण लष्करी अधिकारी भेटला, तोही गणिती. गप्पांच्या ओघात गोल्डस्टाईन बोलून गेला, की फिलाडेल्फियात ते एक इलेक्ट्रॉनिक यंत्र बनवतायत, सेकंदाला तीनशेवर गुणाकार करणारं. न्यूमनचा चेहराच बदलला. गप्पांची परीक्षा झाली आणि गोल्डस्टाईनला प्रश्नांची उत्तरं देता देता घाम फुटला.

ते यंत्र म्हणजे एनिॲक. सुमारे १८ हजार व्हॉल्व्ह, वजन ३० टनांच्या आसपास. बनवणारे दोघं, प्रेस्पर एकर्ट आणि जॉन मॉकली. यंत्र वेगवान होतं, पण एक मोठी अडचण होती. गणित बदललं की तारा काढून नव्याने जोडाव्या लागायच्या. गणित सुटायला मिनिटं आणि तारा जोडायला दिवस, असा सगळा कारभार.

एकर्ट आणि मॉकली यांच्या गटात पुढच्या यंत्राची चर्चा सुरू झाली होती. न्यूमन तिच्यात उतरला, आणि जून १९४५ मध्ये त्याने १०१ पानांचा एक कच्चा मसुदा लिहून दिला. नव्या यंत्राचं नाव होतं एडव्हॅक. मसुद्यातली मध्यवर्ती कल्पना ऐकायला साधी आहे. आकडे जिथे ठेवता, त्याच मेमरीत सूचनाही ठेवा. तारा बदलायची गरज नाही. नवं काम हवं, तर मेमरीत नव्या सूचना भरा.

आज आपण यालाच ॲप इन्स्टॉल करणं म्हणतो.

गोल्डस्टाईनने मसुद्याच्या प्रती काढून वाटल्या, आणि वर नाव टाकलं एकट्या न्यूमनचं. एकर्ट आणि मॉकलींना हे लागलं, आणि लागणारच होतं, कारण कल्पना सगळ्या गटाची होती. मसुदा असा जाहीर वाटला गेल्याने त्यांच्या पेटंटच्या आशेवरही पाणी पडलं. आजही या पद्धतीला व्हॉन न्यूमन आर्किटेक्चर म्हणतात आणि त्या दोघांची नावं बऱ्याच जणांना माहीतच नसतात.

गळून पडलेली एक खूण

आता विषय खोल होतो, म्हणून जरा सावकाश वाचा.

मेमरीत आकडेही आहेत आणि सूचनाही आहेत. दोन्ही दिसतात सारखेच, शून्य आणि एकच्या ओळी. मग यंत्राने ओळखायचं कसं, की हा माल आहे आणि हा हुकूम आहे?

१९४५ च्या मसुद्यात याचं उत्तर होतं. मेमरीतल्या प्रत्येक शब्दावर एका बिटची खूण होती. खुणेवरून कळायचं, की हा आकडा आहे की सूचना. एखादी सूचना बदलायची झाली, तर तिचा सगळा मजकूर बदलता येत नव्हता. कुठल्या जागेवरचा आकडा घ्यायचा, तेवढा पत्ताच बदलता यायचा. म्हणजे कॉम्प्युटरच्या पहिल्या आराखड्यातच माल आणि हुकूम यांच्यामध्ये एक छोटीशी भिंत होती.

पुढच्याच वर्षी, १९४६ मध्ये, न्यूमन, गोल्डस्टाईन आणि आर्थर बर्क्स यांनी प्रिन्स्टनच्या यंत्राचा आराखडा लिहिला. त्यात ती खूण नाही. मेमरीतला शब्द म्हणजे आकडा की सूचना, हे तो कसा वापरला जातो त्यावर ठरणार. यंत्र जास्त लवचिक झालं.

यात त्यांची चूक काढण्यात अर्थ नाही. त्या यंत्रात सगळी मिळून १०२४ शब्दांची मेमरी होती, आजच्या हिशोबाने सुमारे ५ किलोबाईट. तुमच्या आत्याने सकाळी पाठवलेला सुप्रभातचा फोटोही तिच्यात मावला नसता. एकेक बिट सोन्याच्या भावाचं. शिवाय यंत्र एका खोलीत, त्याला हात लावणारी माणसं मोजकी, आणि नेटवर्क वगैरे काही नाहीच. चोरच नसलेल्या गावात दाराला कडी कशाला लावायची?

हे यंत्र १९५२ मध्ये जाहीरपणे सुरू झालं. न्यूमनने आणखी एक मोठं काम केलं. यंत्राचा आराखडा लपवून ठेवला नाही, जगाला वाटून टाकला. त्यावरून अमेरिकेत, इस्रायलमध्ये, स्वीडनमध्ये, ऑस्ट्रेलियात भावंडं जन्मली.

त्यातलं एक भावंडं आपल्या मुंबईत जन्मलं. होमी भाभांच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या गटाने आधी एक प्रायोगिक यंत्र चालू केलं, १९५६ मध्ये. मग मोठं यंत्र १९६० मध्ये सुरू झालं. त्याचं नाव टिफ्रॅक. भारतात बनलेला पहिला कॉम्प्युटर. २७०० व्हॉल्व्ह, २०४८ शब्दांची मेमरी, आणि प्रत्येक शब्द प्रिन्स्टनच्या यंत्रासारखाच ४० बिटांचा.

थोडक्यात काय, तर न्यूमनच्या घराण्याची एक पाती महाराष्ट्रात तेव्हाच रुजली होती. आणि त्या घराण्याचा गुण म्हणा किंवा दोष म्हणा, तोही सोबत आला. माल आणि हुकूम एकाच कोठारात.

स्वतःला जन्म देणारं यंत्र

न्यूमनच्या डोक्यात याच काळात दुसरंच काहीतरी चालू होतं. जिवंत गोष्टी स्वतःसारखी पिल्लं जन्माला घालतात. यंत्राला हे जमेल का?

१९४८ मध्ये पॅसाडेनाच्या एका परिषदेत आणि १९४९ मध्ये इलिनॉय विद्यापीठातल्या व्याख्यानांत त्याने हा प्रश्न मांडला. त्याचं उत्तर होतं, हो, जमेल.

त्यासाठी चार गोष्टी लागतात. एक, वर्णन वाचून वस्तू बांधणारा भाग. दोन, वर्णनाची जशीच्या तशी नक्कल काढणारा भाग. तीन, या दोघांना पाळीपाळीने कामाला लावणारा भाग. आणि चार, ते वर्णन लिहिलेली पट्टी. पट्टीचा उपयोग दोनदा होतो. आधी ती सूचना म्हणून वाचली जाते आणि तिच्यावरून नवं यंत्र बनतं. मग ती न वाचता, नुसता माल म्हणून कॉपी होते आणि नव्या यंत्राच्या हातात दिली जाते.

तोच मजकूर, एकदा हुकूम म्हणून आणि एकदा माल म्हणून. डीएनएची रचना १९५३ मध्ये उलगडली आणि पेशीही जवळपास असंच करते हे पुढे कळलं. न्यूमनने ते त्याआधीच नुसत्या तर्काने मांडलं होतं. त्याचा मित्र स्टॅनिस्लॉव्ह उलामच्या सूचनेवरून त्याने हे यंत्र चौकटींच्या अमर्याद पटावर बसवलं. प्रत्येक चौकटीच्या २९ अवस्था. हे काम तो पुरं करू शकला नाही. बर्क्सने ते पूर्ण करून १९६६ मध्ये पुस्तकरूपाने छापलं.

न्यूमन काही व्हायरस बनवायला निघाला नव्हता, हे लक्षात घ्या. त्याला जीव म्हणजे काय हे समजून घ्यायचं होतं. पण काकांच्या फोनवरून पाहुण्यांना गेलेली पत्रिका काय करत होती? आधी सूचना म्हणून चालली, मग माल म्हणून कॉपी झाली आणि पुढच्या फोनच्या हातात दिली गेली.

त्या व्याख्यानात त्याने अजून एक गोष्ट मांडली होती, आणि आपल्या प्रश्नासाठी तीच सगळ्यात महत्त्वाची आहे. जिवंत शरीरात रोज काहीतरी बिघडतं, तरी ते चालू राहतं. बिघाड झाकतं, वळसा घालतं, भरून काढतं. आपली यंत्रं मात्र पहिल्या चुकीलाच थांबतात, कारण चूक सहन करण्याची सोय आपण त्यांच्या रचनेतच ठेवलेली नसते. १९५२ मध्ये त्याने याचं गणितही मांडलं. भरवसा नसलेल्या भागांपासून भरवशाचं यंत्र कसं करायचं? तर एकच काम तिघांना द्यायचं आणि बहुमत मानायचं.

तो बोलत होता ते बिघाडाबद्दल, हल्ल्याबद्दल नाही. पण सूत्र तेच आहे. संरक्षण हे वरून चिकटवायचं नसतं, ते रचनेत असावं लागतं.

शेवट

१९५५ मध्ये न्यूमन अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगाचा सदस्य झाला. त्याच वर्षी खांद्याजवळ दुखायला लागलं. तपासण्या झाल्या. कॅन्सर.

पुढचं दीड वर्ष वाईट गेलं. माणूस व्हीलचेअरवर आला. १९५६ मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या हातून पदक घ्यायला तो व्हीलचेअरवरूनच गेला. वॉशिंग्टनच्या वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयात त्याच्या खोलीवर लष्कराचा पहारा होता. औषधांच्या गुंगीत देशाची गुपितं तोंडातून जाऊ नयेत म्हणून. ज्या डोक्यावर सगळी मदार होती, ते हळूहळू साथ सोडतंय याची त्याला सगळ्यात जास्त भीती वाटायची, असं त्याच्या जवळच्यांनी लिहून ठेवलंय.

८ फेब्रुवारी १९५७ ला तो गेला. वय ५३. स्वतःच्या प्रती काढण्याचं गणित सोडवणारा माणूस, बेलगाम प्रती काढत सुटलेल्या पेशींनी गेला.

मग बिनकडीच्या दारातून चोर आले

न्यूमन गेल्यावर कॉम्प्युटर खोलीतून बाहेर पडले आणि एकमेकांना जोडले गेले.

१९८३ मध्ये फ्रेड कोहेन या अमेरिकन विद्यार्थ्याने व्हायरस चालवून दाखवला, आणि पुढे एक अस्वस्थ करणारी गोष्ट सिद्ध केली. प्रत्येक व्हायरस बिनचूक ओळखणारा प्रोग्रॅम बनूच शकत नाही. का? समजा असा पहारेकरी बनला. मग मी एक प्रोग्रॅम लिहीन, जो आधी त्या पहारेकऱ्यालाच विचारेल की मी व्हायरस आहे का. हो म्हणाला तर गप्प बसेन, नाही म्हणाला तर पसरेन. पहारेकरी काहीही बोलला तरी चुकणारच.

१९८६ मध्ये लाहोरच्या दोन भावांनी लिहिलेला ब्रेन नावाचा व्हायरस फ्लॉपीवरून जगभर फिरला. २ नोव्हेंबर १९८८ ला मॉरिस वर्म सुटला आणि तेव्हाच्या इंटरनेटवरची हजारो यंत्रं आडवी झाली. त्याची एक युक्ती बघण्यासारखी आहे. एका प्रोग्रॅमने येणाऱ्या मजकुरासाठी ५१२ बाईटची जागा ठेवली होती. वर्मने ५३६ बाईट पाठवले. मजकूर जागेबाहेर सांडला आणि यंत्राने तो सूचना म्हणून चालवला. माल आत आला आणि हुकूम होऊन बसला. १९४६ मध्ये गळलेली ती खूण आठवतेय ना?

घराघरातल्या कॉम्प्युटरवर तेव्हा एमएस-डॉस होतं. तिच्यात भिंत अशी नव्हतीच. कुठलाही प्रोग्रॅम कुठेही काहीही लिहू शकायचा. त्यातूनच अँटिव्हायरसचा धंदा उभा राहिला. आपल्या पुण्यातही राहिला. कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात करणारे कैलास काटकर आणि त्यांचे भाऊ संजय यांनी नव्वदच्या दशकात क्विक हील उभी केली. पोरं पेनड्राइव्ह लावायच्या आधी क्विक हीलने स्कॅन करायची, हे आपल्यापैकी कित्येकांनी शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये पाहिलंय.

मायक्रोसॉफ्टला जाग यायला वेळ लागला. २००४ मध्ये विंडोज एक्सपीच्या मोठ्या अपडेटमध्ये दोन गोष्टी आल्या. एक, फायरवॉल आपोआप चालू. दोन, मेमरीच्या भागांवर खूण, की इथे फक्त माल आहे, इथलं काही चालवायचं नाही. प्रोसेसर बनवणाऱ्यांनी त्यासाठी चिपमध्येच एक बिट दिलं होतं. तब्बल ५८ वर्षांनी ती खूण घरी परतली. २०१२ च्या विंडोज ८ पासून अँटिव्हायरसही सोबतच मिळू लागला.

मग वाद कशाचा?

पहिला वाद धंद्याचा. ऑपरेटिंग सिस्टिमवाल्याने स्वतःचा पहारेकरी फुकट दिला, तर बाकीच्यांनी काय करायचं? कॅस्परस्की कंपनीने याच मुद्द्यावर २०१६ आणि २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टविरुद्ध रशियात आणि युरोपात तक्रारी केल्या, आणि मायक्रोसॉफ्टने काही बदल मान्य केल्यावर मागे घेतल्या.

दुसरा मुद्दा जास्त गंभीर आहे. सगळ्यांच्या दाराला एकच कुलूप असेल आणि त्याची किल्ली चोराला मिळाली, तर सगळं गाव एका रात्रीत साफ. म्हणून वेगवेगळे पहारेकरी हवेत, असं काही जाणकार म्हणतात.

पण बाहेरच्या पहारेकऱ्याची किंमतही जगाने मोजलीय. १९ जुलै २०२४ ला क्राऊडस्ट्राईक या सुरक्षा कंपनीच्या एका चुकीच्या अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर बंद पाडले. भारतातल्या विमानतळांवर त्या दिवशी हाताने लिहिलेले बोर्डिंग पास वाटले गेले. तिथे कुणी हल्ला केलेला नव्हता. पहारेकऱ्याला घराच्या अगदी गाभ्यापर्यंत जायची मुभा होती आणि तोच घसरून पडला.

आणि तिसरी गोष्ट. बंदोबस्त असून तो पोचला नाही तर? मे २०१७ च्या वॉनाक्राय हल्ल्याला रोखणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलं होतं. ज्यांनी टाकलं नाही, ते सापडले. पुढच्याच महिन्यात नॉटपेट्या आला आणि नवी मुंबईच्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं काम ठप्प झालं. युक्रेनमध्ये सुरू झालेल्या हल्ल्याने उरणच्या बाजूला कंटेनर अडकून पडले.

मग पारावरच्या प्रश्नाचं उत्तर काय? न्यूमनच्या गोष्टीतून एक फरक समजतो. भिंत वेगळी आणि पहारेकरी वेगळा. माल आणि हुकूम वेगळे ठेवणं, एका ॲपला दुसऱ्या ॲपच्या घरात घुसू न देणं, ही भिंत आहे. ती ऑपरेटिंग सिस्टिममध्येच हवी, कारण घर बांधून झाल्यावर भिंत विकत आणता येत नाही. पहारेकरी मात्र कितीही हुशार असला तरी कधीतरी चुकणार, हे कोहेनने दाखवलंय. किमान एक पहारेकरी घरासोबत मिळावा, आणि आपल्या पसंतीचा दुसरा ठेवायची मोकळीकही असावी.

राहिले काका. त्यांच्या फोनमध्ये भिंत होती आणि पहारेकरीही होता, म्हणून तर फोनने विचारलं. पण विचारलं इंग्रजीत. शिवाय फोन मुलाने वापरून दिलेला, कंपनीने त्याची सुरक्षा अपडेट कधीच बंद केलेली. म्हणजे काकांकडे बंदोबस्त होता, पण जुना आणि न कळणाऱ्या भाषेतला. याला निव्वळ काकांची चूक म्हणून मोकळं होणं मला तरी पटत नाही. फोन विकताना कॅमेरा किती मेगापिक्सेलचा हे मोठ्या अक्षरात सांगतात, तसंच सुरक्षा अपडेट किती वर्षं मिळणार हेही सांगितलं पाहिजे, आणि धोक्याचा इशारा मराठीत आला पाहिजे.

तोवर एवढं करा. पत्रिका, चलान, सरकारी योजना, बँकेचा निरोप, काहीही असो, नावाच्या शेवटी एपीके दिसलं की हात लावू नका. ओळखीच्या नंबरवरून आलं तर आधी फोन करून विचारा. पैसे गेलेच, तर वेळ न घालवता १९३० या हेल्पलाईनला कळवा.

आणि लग्नाचं म्हणाल, तर तसलं कुठलं लग्न नव्हतंच.